धुराचा घाम

स्लॅब पडला तेव्हा कुणाच्या ध्यानातच आलं नाही
की आपण धुराची वाट बुजवली.
कौलं होती तोवर तो आपला आपण जायचा,
नळ्यांच्या फटींतून, शंभर ठिकाणांहून.
पहाटे सगळं घरच पेजेच्या टोपासारखं वाफाळायचं.
मग आलं हे सपाट, पांढरं छत.
धूर वर गेला, डोकं आपटून
परत आला, माझ्या डोळ्यांत.

भाल्या म्हणाला, गॅस आहे ना, आई.
आहे. पण आंबोळगडला येणाऱ्या तीस पाहुण्यांचा भात
नि बांगड्याचं तिखलं त्याच्यावर रांधलं
तर खानावळ सिलिंडरचीच चाकरी करील.

श्रावणातल्या झडीत एका रात्री
खिडक्या लावून घेतल्या, चुलीत निखारे राहू दिले.
धूर नव्हता. वासही नव्हता.
सकाळी निमी उठेना.
ओढत ओटीवर आणली, पावसाच्या माऱ्यात धरली,
तेव्हा कुठे ओकली, रडली.
इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

मग नाट्याहून याकूब परकार आला,
खांद्यावर पत्र्याची गुंडाळी. पन्हळी करणारा माणूस.
बाप जहाजावर आगवाला होता त्याचा;
पोराला ठेवून गेला एक कात्री
आणि धुराच्या स्वभावाची ओळख.

गच्चीवर चढून त्याने सावरीचा कापूस सोडला.
कापूस जिन्याच्या खोलीआड गिरकी घेऊन खाली बसला.
"बघितलंस? इथे धुरांडं काढलंस तर वारा उलटा तोंडात ओतील."
टाकीच्याही वर हातभर नेली त्याने नळी,
टोपी घातली, तीन तारांनी ताणून बांधली.
स्लॅबला भोक पाडलं ते नळीपेक्षा मोठं:
तापलेला पत्रा कशाला टेकता नये.
माळ्यावरची सोडणं, चुडतं मला खाली काढायला लावली.
आणि वळण एकच.
"दोन वळणं दिलीस की धूर विचार करायला लागतो."

सांधे जुळवताना मी म्हटलं,
वरची नळी खालचीच्या पोटात कशी?
पन्हळीचं ठीक, पाणी खाली येतं. धूर तर वर जातो.
तो कात्री ठेवून हसला.
"धूर वर जातो, बायो. त्याचा घाम खाली येतो."
काळा, डांबरासारखा. ओलं लाकूड घातलंस तर जास्तच.
आतल्या आत साचतो,
आणि एखाद्या रात्री चूल विझलेली असते, नळी पेटते.
म्हणून काजूची फाटी वर्षभर वाळव.
म्हणून दसऱ्याला काथ्याचा बोळा दोरीला बांधून
वरून खाली ओढ, लाजू नको.

शेवटी चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरली.
धूर क्षणभर घुटमळला,
मग मान वाकवून आत शिरला.
खिडकीला त्याने चार बोटांचा ठोकळा मारला,
पुरती मिटूच नये म्हणून.
"जाणाऱ्याला येणारा लागतो."
पैसे मोजून घेतले, बांगडा खाल्ला, दुसरा मागितला.
"खारं वारं पत्रा खातं. तीन पावसाळे, फार तर चार.
टिचकी मारत जा. खणखणला तर आहे,
भद् वाजला तर मला बोलव.
पोराला नको, तो मोबाइल दुरुस्त करतो."

हा चौथा पावसाळा.
निमी रोज शाळेतून येऊन टिचकी मारते,
कान लावते, वैद्यासारखी मान डोलावते.
काल म्हणाली, आजी, जरा बसलाय आवाज.
नाट्याला निरोप धाडलाय. उत्तर नाही अजून.
तोवर चूल रात्री राखेपर्यंत विझवते, वर पाणी शिंपडते,
ठोकळा चाचपते अंधारात,
आणि तळहात धरते निमीच्या नाकाशी.
जातोय.
येतोय.